मानेच्या सोनोग्राफीत दोघांचे मोजमाप वेगळे येते : अभ्यास पुढे न्यावा की थांबवावा?

प्रश्न : निवासी डॉक्टर, भूलशास्त्र, नागपूर

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या मानेची सोनोग्राफी करून त्वचेपासून एपिग्लॉटिसपर्यंतचे (स्वरयंत्रावरच्या झाकणासारख्या पट्टीपर्यंतचे) अंतर मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी लॅरिंगोस्कोपी करताना (तोंडातून पाते घालून पाहताना) स्वरयंत्र किती दिसले याच्याशी ते पडताळून पाहायचे, असा माझ्या थीसिसचा विषय आहे. हे अंतर जास्त असेल तर एपिग्लॉटिसच्या पुढच्या मऊ ऊतींचा थर जाड असतो, लॅरिंगोस्कोपच्या पात्याने तो पुरेसा उचलला जात नाही आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकणे अवघड जाते, असा त्यामागचा तर्क आहे.

मोजमाप मी आणि माझा एक सहकारी असे दोघे स्वतंत्रपणे करतो. सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात) आम्ही एवढेच लिहिले होते की, एकाच मशीनवर, एकाच लिनिअर प्रोबने (त्वचेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या भागाने), रुग्णाला उताणे झोपवून, थायरोहायॉइड पडद्याच्या (गळ्यातल्या, स्वरयंत्राच्या वरच्या पातळ आवरणाच्या) पातळीवर अंतर मोजले जाईल. पहिले २० रुग्ण झाल्यावर मी दोघांच्या आकड्यांचा सहसंबंध काढला. तो ०.९ च्या वर आला आणि विभागाच्या बैठकीत सर्वांनी समाधान व्यक्त केले. परंतु त्या रात्री वहीतले दोन रकाने शेजारी ठेवून ओळीने वाचले तेव्हा माझे मन खट्टू झाले. जवळजवळ प्रत्येक ओळीत सहकाऱ्याचा आकडा माझ्या आकड्यापेक्षा दोन ते तीन मिलिमीटरने मोठा आहे. एका रुग्णाचे माझे मोजमाप २२ मिलिमीटर आहे आणि त्याचे २५. आम्ही सीमा २४ मिलिमीटर धरली आहे, त्यामुळे तोच रुग्ण माझ्या वहीत सोपा आणि त्याच्या वहीत अवघड ठरतो.

सहसंबंध इतका चांगला असताना हे कसे होते, हे मला नीट समजलेले नाही. या २० रुग्णांच्या नोंदी टाकून द्याव्या लागतील का, की दोघांची सरासरी घेऊन पुढे जावे? वरिष्ठांनी सरासरीचा मार्ग सुचवला आहे. पण माझ्या नोंदींवर उद्या कोणी एखाद्या रुग्णाची भूल ठरवणार असेल, तर तो आकडा कोणाच्या हातचा आहे यावर त्याचा निर्णय बदलू नये, असे मला मनापासून वाटते. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : रेडिओलॉजिस्ट, धंतोली, नागपूर

डॉक्टर, तुम्ही रकाने ओळीने वाचलेत हे फार बरे झाले. आकडेशास्त्राचे उत्तर दुसरे कोणी माझ्यापेक्षा चांगले देईल, म्हणून मी फक्त प्रोब धरणाऱ्या हाताबद्दल लिहितो.

प्रथम मशीनवरचा संशय दूर करू. मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला १५४० मीटर वेगाने जातो असे मशीन गृहीत धरते. १० मेगाहर्ट्झच्या प्रोबसाठी त्या हिशेबाने तरंगलांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर येते. म्हणजे खोलीच्या दिशेने एक मिलिमीटरचा फरक हे मशीन सहज वेगळा दाखवू शकते. तीन मिलिमीटरचा फरक, आणि तोही नेहमी एकाच बाजूला, हा तंत्राचा किंवा वाचनाचा फरक असतो.

मानेचा पुढचा भाग पोटासारखा किंवा यकृतासारखा नाही. तिथे त्वचेखाली चरबी आणि पट्टीसारखे पातळ स्नायू असतात, आणि प्रोबचे नुसते वजन त्यांच्यावर सोडले तरी तो थर दबतो. हे स्वतः पाहायचे असेल तर सहकाऱ्याला झोपवा, भरपूर जेल लावा आणि प्रोब त्वचेला जेमतेम टेकवून मशीनच्या पडद्याकडे पाहा. सर्वांत वर जेलचा काळा पट्टा दिसेल, त्याखाली त्वचेची पांढरी रेषा. आता मनगट किंचित सैल सोडा. काळा पट्टा बारीक होत होत नाहीसा होतो आणि त्याच क्षणी खालची एपिग्लॉटिस वर सरकू लागते. मोजमाप घेताना जेलचा तो पट्टा सबंध रुंदीभर दिसत राहिला पाहिजे, एवढा एक नियम दोघांनी पाळला तरी दाबाचा प्रश्न बराचसा सुटतो.

मात्र याच पट्ट्यामुळे दुसरी चूक शिरते. कॅलिपर, म्हणजे मशीनच्या पडद्यावरची मोजायची खूण, त्वचेच्या रेषेवर ठेवायचा असतो. मशीनच्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपासून मोजले तर जेलची जाडीही अंतरात जमा होते. तुमच्या सहकाऱ्याचे आकडे सातत्याने मोठे येत आहेत, म्हणून ही शक्यता मी सर्वांत आधी तपासेन.

खालच्या टोकाबद्दलही ठरवून घ्यावे लागेल. एपिग्लॉटिस पडद्यावर एका बारीक, गडद, वाकलेल्या पट्टीसारखी दिसते. तिच्या पुढे चरबीने भरलेली उजळ जागा असते आणि मागे हवा व श्लेष्मल त्वचा जिथे भेटतात तिथे एक ठळक पांढरी रेषा उमटते. एकाने पुढच्या कडेपर्यंत मोजले आणि दुसऱ्याने मागच्या पांढऱ्या रेषेपर्यंत, तर एपिग्लॉटिसची सबंध जाडी फरकात येते. ती ओळखू येत नसेल तर रुग्णाला जीभ बाहेर काढायला किंवा आवंढा गिळायला सांगा, पट्टी हलताना दिसेल. मोजताना मात्र रुग्ण स्थिर हवा, शांत श्वास घेत असावा, उशीची उंची ठरलेली असावी आणि मान तटस्थ असावी. डोके मागे वाकवले की पुढच्या ऊती ताणल्या जातात आणि अंतर बदलते. नुसते ‘उताणे झोपवून’ एवढे लिहिणे अपुरे आहे.

फरक नेमका कुठे उगवतो हे शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे. तुम्ही जतन केलेली चित्रे कॅलिपर काढून एकमेकांना द्या आणि पुन्हा मोजा. एकाच चित्रावर दोघांचे आकडे जुळले तर दोष चित्र घेण्यात आहे. तिथेही जुळले नाहीत तर दोष चित्र वाचण्यात आहे. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि प्रबंधातही त्या वेगळ्या लिहाव्यात. बरेच अभ्यास एकाच गोठवलेल्या चित्रावर दोन वाचकांची जुळणी दाखवतात आणि मोजमाप विश्वासार्ह असल्याचे सांगतात. प्रत्यक्षात रुग्णावर प्रोब ठेवणारा हात तिथे तपासलेलाच नसतो.

विषयाला धरूनच एक सूचना करतो. आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदवावे लागते, मग ते मानेसाठी वापरा की नसांसाठी. मशीन कोणत्या जागेत वापरायचे आणि कोणी हाताळायचे याची कागदपत्रे विभागाकडून आधी पाहून घ्या. आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन मोजण्याची तुमची योजना असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे.

उत्तर : जैवसांख्यिकीचा शिक्षक

वरचे उत्तर उत्तम आहे. मी आकड्यांपुरते लिहितो, थोडे विस्ताराने, कारण ही गफलत प्रबंधांमध्ये मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे आणि विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे कष्ट त्यात वाया जाताना पाहून वाईट वाटते.

सहसंबंध फक्त एवढे सांगतो की, एकाचा आकडा वाढला की दुसऱ्याचाही त्याच प्रमाणात वाढतो का. दोघे एकच आकडा सांगतात का, हा प्रश्न तो विचारतच नाही. समजण्यासाठी मी पाच काल्पनिक रुग्ण घेतो. तुमची मोजमापे १८, २०, २२, २५ आणि २७ मिलिमीटर, आणि सहकाऱ्याची प्रत्येकी तीनने जास्त, म्हणजे २१, २३, २५, २८ आणि ३०. यांचा सहसंबंध पूर्ण १ येतो, त्याहून चांगला असूच शकत नाही. आणि तरीही एकाही रुग्णाबाबत तुम्हा दोघांचे एकमत नाही. २४ ची सीमा लावली तर तुमच्या मते दोन रुग्ण अवघड, त्याच्या मते तीन.

मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा मांडला आणि त्यावरचा उपायही दिला. प्रत्येक रुग्णासाठी दोन मोजमापांतील फरक काढायचा आणि आलेखावर तो दोघांच्या सरासरीसमोर मांडायचा. फरकांची सरासरी शून्यापासून किती दूर आहे यावरून एकाचा आकडा नेहमी वर-खाली जातो का ते कळते. फरकांचे प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारा आकडा) १.९६ ने गुणून सरासरीच्या दोन्ही बाजूंना मांडले की जुळणीच्या मर्यादा मिळतात, आणि साधारण ९५ टक्के फरक त्या मर्यादांमध्ये पडतात. या पद्धतीचे मोठे मोल असे की उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते, आणि मिलिमीटरचा अर्थ ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाला कळतो.

किती रुंद मर्यादा चालतील, हे मात्र आलेख सांगत नाही. ते तुम्हाला, तुमच्या गाइडना आणि रेडिओलॉजी विभागाला आकडे पाहण्यापूर्वी बसून ठरवावे लागेल. सोप्या आणि अवघड रुग्णांच्या मोजमापांत मुळात चार-पाच मिलिमीटरचाच फरक अपेक्षित असेल, तर दोन हातांमधली तीन मिलिमीटरची तफावत खपवून घेता येणार नाही.

दुसरे साधन म्हणजे गटांतर्गत सहसंबंध गुणांक, ज्याला सगळे आयसीसी म्हणतात; एकाच रुग्णाची वेगवेगळ्या हातांची मोजमापे किती जुळतात हे तो सांगतो. श्राउट आणि फ्लाइस यांनी १९७९ मध्ये त्याचे सहा प्रकार मांडले, आणि कोणता प्रकार वापरला हे न लिहिता नुसता आकडा दिला तर तो वाचणाऱ्याच्या काही उपयोगाचा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘सुसंगती’ आणि ‘निखळ जुळणी’ असे दोन पर्याय येतात. वरच्या काल्पनिक पाच रुग्णांवर सुसंगतीचा आकडा १ येतो, तर निखळ जुळणीचा सुमारे ०.७५. तुम्हाला हवा आहे तो दुसरा, कारण सीमा मिलिमीटरमध्ये आहे आणि कोणीही मोजले तरी ती एकच राहणार आहे. आणखी एक लक्षात ठेवा : रुग्णांमध्ये विविधता जितकी जास्त तितका आयसीसी आपोआप वर जातो. बारीक मानेची तरुण मुलगी आणि शंभर किलोचा गृहस्थ एकाच तक्त्यात असले की दोघांतील फरकापुढे तुमच्या हातांतील फरक लहान दिसू लागतो. म्हणून आयसीसी आणि जुळणीच्या मर्यादा, दोन्ही द्या, आणि दोन्हींसोबत त्यांची ९५ टक्के विश्वासमर्यादाही (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) द्या.

आता २० रुग्ण पुरेत का, याबद्दल. जुळणीच्या मर्यादेतील अनिश्चितता ढोबळपणे फरकांच्या प्रमाण विचलनाला ३.४ ने गुणून रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने भागली की मिळते. विचलन १.५ मिलिमीटर धरले तर २० रुग्णांवर ती अनिश्चितता सुमारे १.१ मिलिमीटर भरते आणि १०० रुग्णांवर सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे २० रुग्ण दोष ओळखायला पुष्कळ आहेत, पण तंत्र विश्वासार्ह आहे असे सांगायला थोडे आहेत.

सरासरी घेण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे. दोघांची सरासरी घेतल्याने तफावत झाकली जाते, आणि उद्या जिल्हा रुग्णालयात एकटाच भूलतज्ज्ञ एकदाच मोजणार असेल तर त्याच्या एकट्याच्या आकड्यावर किती विसंबावे हे तुमच्या प्रबंधातून त्याला कळणार नाही.

शेवटी एक वेगळा सापळा दाखवतो. पुढे तुम्ही ‘अवघड’ आणि ‘सोपा’ अशा दोन गटांत दोघांचे एकमत तपासाल. १०० रुग्ण घ्या. दोघांनीही प्रत्येकी पाच अवघड ठरवले, पण त्यांतले दोनच सामाईक निघाले. ९२ जणांना दोघांनी सोपे म्हटले. एकमत ९४ टक्के झाले आणि ऐकायला भारदस्त वाटते. पण बहुतेक रुग्ण सोपेच असताना निव्वळ योगायोगानेही ९०.५ टक्के एकमत झालेच असते. तो योगायोग वजा करणारा कॅपा गुणांक इथे जेमतेम ०.३७ भरतो. म्हणून टक्केवारी एकटी कधीही छापू नका, आणि कॅपाही एकटा छापू नका. चारही चौकटींतले आकडे द्या (दोघांच्या मते अवघड, दोघांच्या मते सोपे, फक्त एकाच्या मते अवघड, फक्त दुसऱ्याच्या मते अवघड), वाचणारा पडताळून पाहील.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. काल्पनिक पाच रुग्णांचे उदाहरण मी कागदावर स्वतः करून पाहिले, आता गोष्ट स्पष्ट झाली. मला आणखी एक अडचण सांगायची आहे. आमच्या अभ्यासात तोंड तीन सेंटिमीटरपेक्षा कमी उघडणारे रुग्ण वगळले आहेत. आपल्या भागात खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणारे इतके आहेत की, पीएसीच्या (शस्त्रक्रियेपूर्वीच्या भूल-तपासणीच्या) ओपीडीत आठवड्यातून अनेक जण या कारणाने अभ्यासाबाहेर जातात. मग उरलेल्या रुग्णांमध्ये अवघड लॅरिंगोस्कोपी फारच थोडी सापडते. त्यांना अभ्यासात घ्यावे का?

उत्तर : भूलतज्ज्ञ, नागपूर, निवृत्त प्राध्यापक

बाळ, तुमचा हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्यावर मला थोडे जास्त लिहायचे आहे.

खर्रा काय करतो हे विदर्भातल्या भूलतज्ज्ञाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, आणि तो बार तासन् तास गालात धरून ठेवला जातो. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा वर्षानुवर्षे कडक, पांढरट, दोरीसारख्या पट्ट्यांची होत जाते. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण ठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा चालूच राहिला. मला एक तिशीतला रुग्ण आठवतो. हर्नियाची साधी शस्त्रक्रिया होती. मी म्हटले, ‘तोंड उघडा.’ तो म्हणाला, ‘उघडलं ना, सर.’ दातांच्या फटीत माझी तर्जनी आडवी कशीबशी गेली. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्याची मान बारीक होती, हनुवटी चांगली होती, आणि मानेची सोनोग्राफी केली असती तर तुमचे अंतर बहुधा १८ मिलिमीटर आले असते. तुमच्या मोजमापाने तो ‘सोपा’ ठरला असता. प्रत्यक्षात त्याला जागे ठेवून, घसा बधिर करून, नाकातून फायबरऑप्टिक स्कोपवर (बारीक, लवचिक दुर्बिणीवर) ट्यूब टाकावी लागली.

म्हणून या रुग्णांना मुख्य अभ्यासातून वगळण्याचा तुमचा निर्णय मी चूक म्हणणार नाही, कारण तुमचे मोजमाप ज्या अडचणीचा शोध घेते ती अडचण त्यांची नाहीच. तुमचे अंतर मानेतला मऊ थर मोजते, आणि त्यांची अडचण जबड्यात व गालात आहे. परंतु शीर्षकात ‘नागपुरातील रुग्णांमध्ये अवघड श्वासमार्गाचा अंदाज’ असे लिहिले तर ते दिशाभूल करणारे होईल. किती रुग्ण तपासले, किती या कारणाने वगळले, हा आकडा रुग्णसंख्या दाखवणाऱ्या आकृतीच्या पहिल्या चौकटीत छापा. वाचणाऱ्याला कळू द्या की, आपल्याकडच्या अवघड रुग्णांचा एक मोठा गट या चाचणीच्या कक्षेतच येत नाही.

आता मोजमापाचा उपयोग किती, याबद्दल अपेक्षा नेमक्या ठेवा. डेन्मार्कमधील भूलनोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,८८,०६४ रुग्ण होते. ज्या ३,३९१ जणांमध्ये इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब टाकणे) अवघड गेले, त्यांतल्या ३,१५४ जणांबाबत, म्हणजे ९३ टक्के वेळा, आधी अंदाज आलेलाच नव्हता. आणि जिथे अवघड जाईल असे आधी म्हटले होते तिथे चारांतल्या एकातच ते खरे ठरले. २०१८ च्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यात रुग्णाच्या खाटेजवळ करायच्या चाचण्यांवरचे १३३ अभ्यास एकत्र केले होते. खालच्या दातांनी वरचा ओठ चावायला सांगण्याची साधी चाचणी त्यांत सर्वांत संवेदनशील ठरली, आणि तीही अवघड लॅरिंगोस्कोपी असलेल्या १०० जणांपैकी ६७ जणांनाच ओळखू शकली. तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो यावरचे मॅलम्पटी वर्गीकरण निम्म्याच्या आसपास अडकले. म्हणूनच सोनोग्राफीकडून लोकांना आशा आहे आणि म्हणूनच तिचे मोजमाप आधी घट्ट पायावर उभे राहायला हवे.

समजा तुमचे मोजमाप अगदी चांगले निघाले, संवेदनशीलता (अवघड रुग्णांना अवघड ओळखण्याचे प्रमाण) ८० टक्के आणि विशिष्टताही (सोप्यांना सोपे ओळखण्याचे प्रमाण) ८० टक्के. १,००० रुग्णांत ६० खरोखर अवघड असतील तर त्यांतले ४८ तुम्ही पकडाल. पण उरलेल्या ९४० सोप्या रुग्णांपैकी १८८ जणांनाही तुम्ही अवघड म्हणाल. म्हणजे ‘अवघड’ असा शेरा मिळालेल्या पाचांत एकच खरा. आणि तुमच्या थीसिसमध्ये एकूण ६० रुग्णच असतील तर त्यांत अवघड तीन-चारच सापडतील. चारांतले तीन ओळखले तर संवेदनशीलता ७५ टक्के असे तुम्ही लिहाल, पण तिची ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १९ पासून ९९ टक्क्यांपर्यंत पसरते. त्यावरून कोणीही काहीही ठरवू शकत नाही.

यामुळे माझी तुम्हाला कळकळीची सूचना आहे की, थीसिसचा मुख्य प्रश्नच बदला. अंदाजाऐवजी विश्वासार्हता हा मुख्य विषय करा : दोन निवासी डॉक्टर, ठरलेली पद्धत, प्रत्येकाची प्रत्येक रुग्णावर दोन मोजमापे, आणि स्थूल व सडपातळ रुग्णांत फरक पडतो का. हे काम ६० ते १०० रुग्णांत प्रामाणिकपणे पूर्ण होऊ शकते आणि इतरांच्याही कामी येते. बदल मात्र गाइडना सांगून, आचार समितीकडे सुधारित आराखडा देऊन आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे कळवूनच करायचा. आकडे पाहून मनातल्या मनात विषय फिरवणे हे मला कधीच मान्य झाले नाही.

लॅरिंगोस्कोपीची बाजूही तपासून घ्या. कॉर्मॅक आणि लेहेन यांचे १९८४ चे, स्वरयंत्र किती दिसले याचे चार श्रेणींचे वर्गीकरण आपण कसोटी म्हणून वापरतो, पण ते पाहणाऱ्याच्या डोळ्यावर, पात्यावर, उशीवर आणि गळ्यावर बाहेरून दाब दिला का यावर अवलंबून असते. लॅरिंगोस्कोपी करणाऱ्याला सोनोग्राफीचा आकडा माहीत नसावा, आणि दाब देण्यापूर्वीची श्रेणी वेगळी लिहावी. एक अपवाद ठेवा. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक अशी काही गोष्ट सोनोग्राफीत दिसली, म्हणजे गाठ किंवा एका बाजूला सरकलेली श्वासनलिका, तर ती लगेच सांगायची. अभ्यासाची गुप्तता त्याच्या आड येऊ द्यायची नाही.

उत्तर : आयसीयूमधील वरिष्ठ परिचारिका, नागपूर

सर्व डॉक्टरांना नमस्कार. मी संशोधन करत नाही, पण दोन हातांचे मोजमाप जुळत नाही हा प्रश्न आमच्याकडे छातीच्या एक्स-रेवर रोज येतो, म्हणून लिहिते.

ट्यूब टाकल्यावर खाटेवरच एक्स-रे काढतात आणि ट्यूबचे टोक कॅरिनापासून (श्वासनलिका दोन फांद्यांत फुटते त्या जागेपासून) किती वर आहे ते डॉक्टर वाचतात. मान सरळ असताना हे अंतर साधारण तीन ते पाच सेंटिमीटर हवे असते. पण हनुवटी छातीकडे झुकली की टोक खाली जाते आणि मान मागे गेली की वर येते, आणि हा फरक प्रत्येक दिशेला सुमारे दोन सेंटिमीटरचा होऊ शकतो. सकाळच्या फिल्ममध्ये डोक्याखाली उशी असते, संध्याकाळच्या फिल्ममध्ये नसते. मग एक डॉक्टर म्हणतात ट्यूब एक सेंटिमीटर बाहेर काढा, दुसरे म्हणतात आत ढकला. प्रत्यक्षात ट्यूबवरच्या खुणेचा ओठाजवळचा आकडा २२ चा २२ च असतो आणि चिकटपट्टीही हललेली नसते.

आम्ही आमच्या पाळीत एक पद्धत लावून घेतली. एक्स-रे तंत्रज्ञ दादा आले की मी किंवा दुसरी सिस्टर डोके मधोमध धरतो, उशी काढतो आणि फॉर्मवर लिहितो : मान सरळ, ओठाजवळ २२. नंतर फिल्म वाचणाऱ्याला विचार करायला आधार मिळतो. तेव्हापासून ट्यूब मागे-पुढे करण्याच्या उलटसुलट सूचना मला कमी ऐकू येतात, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकते.

आणखी एक गोष्ट नव्या निवासी डॉक्टरांना मी आवर्जून सांगते. एक्स-रे ट्यूबची खोली दाखवतो. ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत, हे ठरवण्यासाठी फिल्मची वाट पाहत बसायचे नाही, त्यासाठी कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारे यंत्र) लावायचा आणि प्रत्येक श्वासाला लाट येते का ते पाहायचे. ताई, तुमच्या अभ्यासात खाटेची आणि उशीची नोंद ठेवायला परिचारिकेला सांगा. आमच्या लक्षात येणाऱ्या पुष्कळ गोष्टी वहीत येत नाहीत.

प्रश्नकर्ती

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशीराबद्दल क्षमस्व. धंतोलीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही जतन केलेली चित्रे कॅलिपर काढून अदलाबदल केली. एकाच चित्रावर मोजल्यावरही फरक राहिला, तेव्हा दोघे शेजारी बसून एकेक चित्र पाहिले. माझा सहकारी मशीनच्या पडद्याच्या वरच्या कडेपासून मोजत होता, जेलची जाडी त्याच्या प्रत्येक आकड्यात होती. आणि माझ्या निम्म्याहून अधिक चित्रांत जेलचा पट्टा अजिबात दिसत नाही, म्हणजे मी दाब देत होते. दोघांच्या चुका विरुद्ध दिशांच्या होत्या.

गाइड मॅडमना सगळे दाखवले. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांनी आचार समितीसाठी सुधारित आराखडा लिहायला घेतला आहे. मुख्य विषय आता विश्वासार्हतेचा असेल, चालू शकणारी जुळणीची मर्यादा दीड मिलिमीटर अशी आम्ही रेडिओलॉजी विभागासोबत बसून आधीच लिहून ठेवली आहे, आणि खर्ऱ्यामुळे वगळलेल्या प्रत्येक रुग्णाचे तोंड किती उघडते याची वेगळी नोंद सुरू केली आहे. पहिले २० रुग्ण ‘सराव’ म्हणून परिशिष्टात जातील, दोन्ही रकान्यांसह, जसेच्या तसे. उशीची उंची आमच्या वॉर्डातल्या सिस्टर लिहून ठेवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी दाखवून दिले की दोन खाटांच्या उशांमध्ये चार बोटांचा फरक आहे, म्हणून आता आम्ही एकच घडी केलेली चादर सगळ्यांना वापरतो.